पिवळ्या गोलातला तांब्या

आमचे साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, यांच्याइतका वेळेला आणि जागेला धरून चालणारा माणूस नांदेडपासून लातूरपर्यंत दुसरा कुणी दाखवून द्यावा, मी त्याच्या घरी आठ दिवस दुधीभोपळा खाऊन राहीन. ही पैज मी हवेत मारत नाही. साडूंच्या अहमदपूरच्या घरी मी खरोखरच आठ दिवस दुधीभोपळा खाऊन राहिलो आहे, आणि त्या घरात पाऊल ठेवल्यापासून अर्ध्या तासात तिथली तीन वर्षांची घडी मोडण्याचा मानही माझ्याच नावावर आहे. तसं मी फार काही केलं नव्हतं. नांदेडहून बसनं आलो होतो, घसा कोरडा पडला होता, स्वयंपाकघराच्या ओट्यावर तांब्या दिसला. गटागटा पाणी प्यालो आणि तांब्या हाताशी असलेल्या खिडकीत ठेवून दिला. घरी मी तो कुठंही ठेवतो. बायको शोधते.

थोड्या वेळानं अक्का, म्हणजे माझी मेहुणी, आतल्या खोलीतून आली. भिंतीला हात न लावता सरळ चालत आली, ओट्यापाशी थांबली, डबीतली गोळी काढून जिभेवर ठेवली आणि उजवा हात पुढं केला. जिथं तांब्या असायचा तिथं तिच्या हाताला नुसती हवा लागली. हात एकदा मिटला, पुन्हा उघडला आणि ओट्यावरून हळूहळू फिरायला लागला. झोपलेलं लेकरू जागं न करता चाचपावं, तसा. गोळी कडू असावी, कारण तिचं तोंड वाकडं झालं होतं, पण तिनं कुणाला हाक मारली नाही. मी दोन हातांच्या अंतरावर उभा राहून हे बघत होतो, आणि हा माझ्याच हातचा उद्योग आहे हे माझ्या डोक्यात शिरायला लाजिरवाणा वेळ लागला. तेवढ्यात साडू आले. खिडकीतला तांब्या उचलून त्यांनी तो आधी अक्काच्या हातात दिला, तिचं पाणी पिऊन होऊ दिलं आणि मग ओट्यावर रंगवलेल्या एका पिवळ्या गोलात नेमका बसवला.

"सायेब," ते मला म्हणाले. मी सरकारी कचेरीत साधा लिपिक आहे, पण लग्नापासून ते मला सायेबच म्हणतात. "ह्यो गोल दिसला न्हाई का?"

"दिसला दाजी. मला वाटलं, रंग सांडलाय."

"गोल सांडतोय व्हय कुठं?"

अक्का पदराआड हसली. मी सावरण्यासाठी म्हणालो, "पण दाजी, अक्काला तर हे गोल दिसत नाहीत. मग रंगवले कशाला?"

"तिच्यासाठी न्हाईतच ते. तिला समदं पाठ हाय. हे डोळेवाल्यांसाठी हाईत. तुमच्यासारख्यांसाठी."

त्या घरात असे चाळीसेक तरी गोल आणि चौकोन होते. मिठाच्या बरणीखाली गोल, चपलांना चौकोन, काठीला कोपऱ्यात एक आडवी रेघ. साखर अक्काच्या अंगात बरीच वर्षं मुक्कामाला होती. तिनं आधी एक डोळा नेला, मग दुसरा नेत आणला. आता तिला उजेड आणि सावली तेवढी कळत होती, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की हेही फार दिवस राहील असं धरू नका. तेव्हापासून साडूंनी एकच गोष्ट मनाशी धरली होती. अक्कानं सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत कुणाला हाक न मारता दिवस काढला पाहिजे. कुणाला म्हणजे त्यांना स्वतःलासुद्धा.

मी तिथं कसा पोचलो, तेही सांगून टाकतो, म्हणजे लाज एकदाच वाटेल. माझ्या रक्तात साखर सापडली. नांदेडच्या डॉक्टरांनी तीन महिन्यांची मुदत दिली: वेळेवर जेवा, वेळेवर झोपा, चाला. मी त्याच संध्याकाळी चालायचे भारी बूट आणले. ते घालून एका लग्नाला जाऊन आलो. एक वहीही आणली आणि पहिल्या पानावर ठळक अक्षरात 'उद्यापासून' असं लिहिलं. दुसरं पान आजही कोरं आहे. कचेरीत चारच्या सुमाराला कांदाभजी यायची आणि मी 'आज शेवटची' म्हणून खायचो. अशा शेवटच्या भज्यांच्या किती प्लेटा झाल्या, ते मला सांगता येणार नाही. बायको सगळं बघत होती. ज्या दिवशी अहमदपूरहून फोनवर अक्काच्या दुसऱ्या डोळ्यातला राहिलेला उजेडही जात चालल्याची बातमी आली, त्या दिवशी तिनं माझी पिशवी भरली आणि म्हणाली, "दाजींकडं जा. आठ दिवस राहा. मला घरात दुसरी अक्का नको."

साडू जन्माचे शिस्तीचे असतील असं वाटत असेल तर तसं मुळीच नाही. नोकरीभर ते बस स्टँडावर कंट्रोलर होते. पत्र्याच्या केबिनीत बसून 'गाडी लागली', 'गाडी सुटली' हे माइकवरून सांगायचं काम. गाड्या त्यांनी वेळेवर लावल्या, पण स्वतःचं घड्याळ मात्र कधी मनावर घेतलं नाही. जेवायला तीन वाजता घरी येत, कधी चारला. स्वतःच्या लग्नात वऱ्हाड घेऊन ते दोन तास उशिरा पोचले होते, आणि अक्का हळदीच्या अंगानं मांडवात वाट बघत बसली होती, हा किस्सा आमच्याकडं प्रत्येक लग्नात निघतो. असा माणूस निवृत्त झाला आणि दोन वर्षांत घरातली मोरी त्यानं फलाट क्रमांक दोन करून टाकली.

त्याचं असं झालं. अक्काची नजर मंदावायला लागली तेव्हा साडूंनी तिच्या गोळ्यांच्या वेळा एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवल्या. चार महिन्यांनी तिला ते अक्षर लागेना, तेव्हा त्यांनी पाटीवर खडूनं बोटभर अक्षरात लिहिलं. पुढं तेही लागेना. मग त्यांनी स्टँडाच्या पाट्या रंगवणाऱ्या जुन्या पेंटरचाचांना घरी बोलावलं आणि स्वयंपाकघराची आख्खी भिंत त्यांच्या हवाली केली. तिच्यावर हातभर अक्षरांत काळ्यावर पिवळं वेळापत्रक उभं राहिलं: सुटण्याची वेळ, कुठं जाणार, फलाट. पहाटे पाच दहा, अंघोळ, फलाट दोन. सहा वाजता फिरणं. सात वाजता न्याहारी, फलाट एक. फलाट एक म्हणजे ओटा, तीन म्हणजे पलंग. पेंटरचाचा ब्रश हातात धरून म्हणाले होते म्हणे, "क्या बोलते जी कंट्रोलरसाब, मोरी कू फलाट नंबर दो लिखूं? लोगां हसते." साडू म्हणाले, "हसू द्या चाचा. तिला वाचता आलं म्हंजे बास." भिंतभर अक्षरं तिला जेमतेम एक पावसाळा वाचता आली. त्यापेक्षा मोठी भिंत घरात नव्हती. मग साडूंनी आयुष्यभर माइकवर लावलेला नाकातला आवाज पुन्हा काढला.

ती घोषणा मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझ्या हातातला पेला सांडायचा राहिला. "प्रवाशांनी इकडं लक्ष द्यावं! सकाळची गोळी, मार्गे कोमट पाणी, फलाट क्रमांक एकवर लागलेली आहे!" अक्का पलंगावरून म्हणायची, "आले, आले. कंडक्टरला म्हनावं, घंटी मारू नका." मला हसू आवरायचं नाही. पण तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की घोषणा झाल्यावर साडू जागचे हलत नाहीत. तोंडानं हाका मारतात आणि दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून ठेवतात. मदतीला जायचे हात.

माझी शिकवणी दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली. साडूंचं शास्त्र सगळं स्टँडावरचं होतं. "नवी सवय येकटी सोडायची न्हाई सायेब, रिकामी जाते. जुन्या गाडीला जोडून सोडायची. तुमी रोज दाढी करता ना? मग दाढी झाली की बूट. दाढीचा साबन पुसला, की पायात बूट. मधी पेपर न्हाई, मधी मोबाइल न्हाई." मी विचारलं, एखादा दिवस चुकला तर? "चुकली गाडी सोडून द्यायची. तिच्यामागं पळायचं न्हाई अन् स्टँडावर बसून रडायचं बी न्हाई. पुढची धरायची. पन लागोपाठ दोन चुकवायच्या न्हाईत. दोन चुकवल्या की मानूस घरला माघारी जातो." भजीचं काय करू, असं मी विचारलं तेव्हाही उत्तर तयारच होतं. "चारला कचेरीत खुर्चीवर बसून ऱ्हायला तर भजी येनारच की. चारला उठून नळावर जावा. भजी काय तुमच्या मागं नळावर येत न्हाई."

सकाळी आम्ही तिघं मोंढ्यापर्यंत, म्हणजे धान्यबाजारापर्यंत, फिरायला जायचो. अक्का साडूंच्या कोपराला हात लावून चालायची, आणि बघणाऱ्याला वाटायचं की ते तिला नेतायत. खरं उलटं होतं. "आता उतार आला," ती सांगायची. "आता गिरनी. आज पिठाचा वास न्हाई, लाइट गेली असंल. पाव्हणे, तुमच्या डाव्या अंगाला खड्डा हाय बरं का." पाव्हणे म्हणजे मी. पहिल्या दिवशी तो खड्डा मी डोळे उघडे ठेवून घेतला. भारी बुटासकट. अक्का थांबली आणि म्हणाली, "अहो, यांना बी येक पिवळा गोल काढा."

पाचव्या दिवशी फिरून आल्यावर साडूंनी मला ओसरीत बसवलं. आवाज खाली आणला. त्यांच्या छातीत दुखून गेलं होतं, दोनदा. शुक्रवारी लातूरला तपासणीला जायचं होतं, दिवस मोडणार होता. पुण्याची लेक महिनाभर मागं लागली होती की दोघं माझ्याकडं चला. "आमचं काय, आमी जाऊ बी," साडू म्हणाले. "पन तिथं तिला पहिल्या पायरीपासून पाठ करावं लागंल. अन् मी मधीच ऱ्हायलो न्हाई तर? कंट्रोलर रिटायर झाला तरी गाड्या सुटायला पायजेत सायेब. शुक्रवारी ती आख्खा दिवस येकटी चालली, तर पोरीला सांगतो, हितंच ऱ्हाऊ. न्हाई चालली, तर सामान बांधतो." मग त्यांनी मला माझं काम सांगितलं. "तुमी फकस्त बघायचं. पडली तर उचला. चुकली तर गप बसा."

शुक्रवारी पहाटेच्या गाडीनं साडू गेले. जाताना त्यांनी अक्काला काही सांगितलं नाही, दारातला चपलांचा चौकोन तेवढा पायानं चाचपून बघितला. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलो आणि दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून ठेवले. इतकं अवघड काम मी कचेरीत कधी केलेलं नाही. अक्कानं अंघोळ केली, न्याहारी केली, गोळी घेतली. तवा किती तापला ते तिनं पाण्याच्या शिंतोड्याच्या आवाजावरून ठरवलं आणि भाकरी उलटायची वेळ वासावरून. अकराच्या सुमाराला मात्र घोटाळा झाला. नेहमीचा दूधवाला आला नव्हता; त्याच्या बदली आलेल्या माणसानं दुधाचं पातेलं गोलात न ठेवता ओट्याच्या कडेला, कोपऱ्यात ठेवलं. अक्काचा हात गोलावर गेला आणि रिकामा परतला. पुन्हा तो हवेत फिरायला लागला, आणि पातेलं एक वीत अंतरावर, ओट्याच्या अगदी काठावर होतं. मी तोंड उघडलं.

"पाव्हणे, सांगू नका," अक्का म्हणाली. "तुमी श्वास आत घेतला, म्हंजे भांडं हाय कुठंतरी. दूध वासाला लागतंय. थांबा." तिनं हात ओट्याला टेकवला आणि कडेनं, बोटाबोटानं सरकवत नेला. पातेल्याला पोचल्यावर तिनं ते दोन्ही हातांनी धरलं, उचलून गोलात ठेवलं आणि मग खाली बसली. मी मांड्यांखालचे हात मोकळे केले.

चार वाजले. घरात घोषणा नव्हती. अक्का पलंगावरून उठली, स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिली, घसा साफ केला आणि हुबेहूब त्या नाकातल्या आवाजात म्हणाली, "प्रवाशांनी इकडं लक्ष द्यावं. चारचा चहा, बिनसाखरेचा, फलाट क्रमांक एकवर लागलेला आहे." मग माझ्या दिशेला तोंड करून तिनं विचारलं, "कसं जमलं?"

"हुबेहूब अक्का."

"तीस वरसं ऐकायलेय. आधी स्टँडावरून घरापर्यंत ऐकू यायचं." तिनं चहा गाळला, आणि मी मोजले, तीन कप भरले. माझा मला दिला, तिचा तिनं घेतला. तिसऱ्याच्या कानाला बोट लावून ती थोडी थांबली. "हात सवयीनं चालतोय," एवढंच म्हणाली.

रात्रीच्या जेवणाची वेळ भिंतीवर सव्वासात लिहिलेली होती. साडेसहाला साडूंचा फोन आला. चाकूरच्या अलीकडं सोयाबीनची ट्रॉली रस्त्यात आडवी झाली होती, मागं गाड्यांची रांग लागली होती. "बोर्डावरच्या टायमाला जेवून घ्या," ते सांगत होते. अक्का "हाव" म्हणाली. मला तिनं वाढलं, भाकरी, भोपळा, ताक. स्वतः अर्धी भाकरी ताकात कुस्करून खाल्ली, साखर उतरू नये म्हणून. मग तिनं दोन ताटं वाढली, झाकली आणि भिंतीला टेकून बसली. सव्वासात झाले, आठ झाले. मला बघायचं काम होतं, बोलायचं नव्हतं, म्हणून मी बघत राहिलो. तिला न दिसणाऱ्या त्या भिंतीवर हातभर अक्षरांत सव्वासात लिहिलेलं होतं, आणि ती त्याच भिंतीला पाठ लावून बसली होती.

पावणेनऊला साडू आले. चप्पल चौकोनात काढली, आत आले आणि झाकलेली दोन ताटं बघून दारातच थांबले.

"काय म्हनले डाक्टर?" अक्कानं विचारलं.

"गाडी जुनी हाय, पन रस्त्यावर हाय. हळू चालवा म्हनले. गोळ्या दिल्यात." मग ते ताटांकडं बोट दाखवून मला म्हणाले, "हे काय सायेब? सव्वासात लिवलंय ना तिथं?" मी उत्तर देणार तोच अक्का बोलली.

"त्यांना कशाला इचारता? मी थांबले."

"समदा दिवस चालली अन् हितं चुकली व्हय? पोरीला काय सांगू मी आता?"

"चुकले न्हाई." अक्का उठली, तांब्या त्याच्या गोलातून उचलून तिनं साडूंच्या ताटाशी ठेवला. "तुमची वाट बघायची सवय मला मांडवापासून हाय. ती तुमच्या बोर्डावर कुठं लिवलीय?"

साडू हात धुवायला म्हणून फलाट दोनवर गेले आणि नळ बराच वेळ चालू राहिला. जेवण झाल्यावर त्यांनी पुण्याला फोन लावला. मला ऐकू आलं ते इतकंच: "तुझी माय आख्खा दिवस येकटी चालली. रातच्या जेवनाला तेवढी लेट झाली. त्यो दोष रस्त्याचा. आमी हितंच हाव."

दुसऱ्या दिवशी पेंटरचाचा आले. सव्वासात पुसून त्या जागी त्यांनी पिवळ्या अक्षरात लिहिलं, 'दोघं आल्यावर'. ब्रश पुसत म्हणाले, "अब आया टाइमटेबल लाइन पे." अक्कानं विचारलं, काय लिहिलं, आणि कुणी सांगायच्या आत ओल्या अक्षरांवरून बोट फिरवलं. तिचं बोट पिवळं झालं, ते साडूंनी पुसलं. आठ दिवसांत साडूंनी स्वतःच्या हातानं पुसलेली ती एकच गोष्ट. कपाळावरचा घाम टिपावा तसं, जपून.

मी नांदेडला परतलो. दाढीनंतर बूट घालतो, चारला नळावर जातो; भजी अजून माझ्या मागं आलेली नाहीत. साखर उतरायला लागली आहे, पण सांगायचं ते दुसरंच. आल्या दिवशी उत्साहानं मी आमच्या ओट्यावर पिवळ्या रंगानं एक गोल काढला, जरा अंडाकृती झाला, आणि त्यात तांब्या ठेवून बायकोला अहमदपूरची सगळी हकिकत सांगितली. दूध, चहाचे तीन कप, झाकलेली ताटं. ती डाळ निवडत ऐकत होती. माझं संपल्यावर डाळीवरची नजर न काढता तिनं मला डोळे मिटायला सांगितले. मी मिटले. मग तिनं विचारलं, "आता सांगा, या घरात माझा चष्मा कुठं असतो?"

मी डोळे मिटून सगळं घर फिरलो. टीव्हीवर गेलो, देवघरात गेलो, तिच्या शिवणाच्या मशीनवर, खिडकीत, उशीखाली. सव्वीस वर्षांच्या संसारात मी हात पुढं केला आणि सगळीकडं नुसती हवाच लागली. तिनं डाळीचं ताट बाजूला ठेवलं असावं, कारण निवडायचा आवाज थांबला. मग ती अगदी हळू म्हणाली, "असू द्या. एकेक पाठ करा. आजच्यापुरतं, तो तांब्या जागेवर राहू द्या."